नांगर धरणारा प्रेमकवी

द्वितीय वर्ष, बी. ए.

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी रॉबर्ट बर्न्सची लाल गुलाबाची कविता शिकवली. इंग्रजी कवी म्हणजे मोठ्या वाड्यात राहणारा कोणी साहेब, अशी माझी समजूत होती. पण हा कवी कुळाच्या घरात जन्मला आणि नांगर धरून वाढला, हे कळले तेव्हा मी चमकले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्याच दिवशी मी ग्रंथालयातून त्याचे चरित्र घेतले.

बर्न्सचा जन्म २५ जानेवारी १७५९ रोजी स्कॉटलंडमधील अ‍ॅलोवे या खेड्यात झाला. मातीच्या भिंतींचे ते घर वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधले होते. पुढे ते खंडाने शेती करू लागले. जमीन निकस, खंड भारी आणि पदरी सात मुले. रॉबर्ट सर्वांत थोरला. तरीही मुलांनी शिकावे म्हणून वडिलांनी शेजाऱ्यांबरोबर पैसे घालून एक तरुण शिक्षक ठेवला. आईला लिहिता येत नव्हते, पण जुनी गाणी तिला तोंडपाठ होती. ती काम करता करता गाई आणि मूल ऐके.

पंधराव्या वर्षी सोंगणीच्या दिवसांत नेली नावाची मुलगी त्याच्या जोडीला होती. तिच्या हातात रुतलेली कुसळे काढता काढता तो प्रेमात पडला आणि तिच्या आवडत्या चालीवर त्याने आपले पहिले गाणे रचले. सोंगणीत कुसळे कशी बोचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

पुढे गवंड्याची मुलगी जीन आर्मर त्याच्या आयुष्यात आली. दोघांनी लग्नाचा कागद केला होता, पण जीनच्या वडिलांना हा कफल्लक जावई मान्य नव्हता. निराश होऊन बर्न्स जमैकाला जायला निघाला. तिथे गुलामांकडून राबवून घेणाऱ्या मळ्यावर त्याला नोकरी करायची होती, हेही सांगितले पाहिजे. तेवढ्यात जुलै १७८६ मध्ये किल्मार्नॉक येथे त्याचा पहिला संग्रह निघाला. ६१२ प्रती थोड्याच दिवसांत संपल्या. जमैका राहिले आणि एडिंबरोच्या दिवाणखान्यांत या शेतकऱ्याचे कौतुक सुरू झाले.

१७८८ मध्ये जीनशी त्याचा संसार रीतसर सुरू झाला. नवे घर बांधताना ती दूर होती, तेव्हा पश्चिमेच्या वाऱ्यावर त्याने तिच्यासाठी गाणे लिहिले. पण हाच माणूस दुसऱ्या स्त्रियांतही गुंतत राहिला. १७९१ मध्ये अ‍ॅग्नेस मॅक्लिहोज या विवाहितेचा निरोप घेताना लिहिलेले त्याचे विरहगीत डोळ्यांत पाणी आणते. आणि त्याच वर्षी अ‍ॅना पार्क या मुलीला त्याच्यापासून कन्या झाली. ती पोर जीनने आपल्या मुलांबरोबर वाढवली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. गाणी त्याची अमर झाली, पण सोसले जीनने. ही गोष्ट विसरून त्याची गाणी वाचणे मला जमत नाही.

पुन्हा पुस्तक उघडले ते त्याच्या गीतसंग्रहाच्या कामामुळे. अबकारी खात्यात नोकरी करीत, घोड्यावरून गावोगाव फिरत तो लोकांच्या तोंडची गाणी टिपून घेई, तुटलेली कडवी जुळवी, चालींना नवे शब्द देई. जेम्स जॉन्सनच्या ६०० गाण्यांच्या संग्रहात सुमारे एक तृतीयांश वाटा त्याचा आहे. या कामाचा मोबदला त्याने घेतला नाही. लाल गुलाबाचे गाणेही जुन्या लोकगीतांच्या धाग्यांतूनच विणलेले आहे. लोकगीतांच्या वळणावर रॉक गाणी लिहिणारे बॉब डिलन यांनी २००८ मध्ये आपल्यावर सर्वाधिक प्रभाव टाकणारी रचना म्हणून याच गाण्याचे नाव घेतले.

माझे सर्वांत आवडते गाणे मात्र जॉन अँडरसनचे. जुन्या काळी ते चावट गाणे होते. बर्न्सने त्याच चालीवर एका म्हातारीचे आपल्या म्हाताऱ्या नवऱ्याशी बोलणे रचले. बरोबर डोंगर चढलेली दोघे आता हात धरून उतरत आहेत. जीनला असे म्हातारपण लाभले नाही. २१ जुलै १७९६ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, बर्न्स डम्फ्रीस येथे वारला. त्याची अंत्ययात्रा निघाली त्याच दिवशी जीन बाळंत झाली.

माझी आई खुरपताना गाणी म्हणते. तिलाही लिहिता येत नाही. अकरावीत असताना मैत्रिणी घरी आल्या, तेव्हा मी तिला गाणे थांबवायला सांगितले होते. ती काही न बोलता थांबली. या सुट्टीत मी वही घेऊन तिच्याबरोबर रानात गेले. ही गाणी कशाला लिहितेस, म्हणून ती हसली. मग मीच आग्रह केला तेव्हा गायला लागली. आतापर्यंत बावीस गाणी उतरवून झाली आहेत.