कै. वामन शिवराम आपटे : चरित्र व बोध

भाषेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट दरवर्षी शिक्षकांच्या ध्यानात येते. पाठ केलेले निबंध व पाठ केलेली उत्तरे लिहिताना विद्यार्थ्याची लेखणी भरधाव धावते; परंतु पूर्वी न वाचलेला उतारा व त्याखालील प्रश्न समोर आले की ती अडखळते. कोणी उताऱ्यातील चार ओळी जशाच्या तशा उतरवून ठेवतो. कोणी उताऱ्याकडे पाठ फिरवून स्वतःच्या मनातील विचार लिहितो. कोणी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. हे तिघेही आळशी असतात असे आम्हांस वाटत नाही. परीक्षक येथे दोन गोष्टी विचारीत असतो : तुला काय समजले, आणि ते कशावरून समजले. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, हे त्यांच्या मनावर पुरतेपणी ठसलेले नसते.

नुसते नियम सांगून ही गोष्ट मनावर ठसणार नाही, असे वाटल्यावरून आम्ही येथे एका विद्वान शिक्षकाचे चरित्र सादर करीत आहो. या गृहस्थांचे बालपण आमच्या वडगावपासून दूर नसलेल्या कोल्हापूर शहरात गेले, आणि 'कशावरून?' या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात त्यांचे अल्प आयुष्य खर्ची पडले. त्यांचे नाव वामन शिवराम आपटे.

वामनरावांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानातील असोलोपाल या खेड्यात झाला. घराणे मूळचे खाऊनपिऊन सुखी होते. परंतु वडिलांवर आर्थिक संकट कोसळले व त्यांचे निधनही झाले. पोरक्या झालेल्या दोन मुलांना घेऊन त्या माउलीने घाट चढून कोल्हापूर गाठले. दैवाची परीक्षा तेवढ्यावर संपली नाही. पुढे मातेचा अंत झाला, पाठोपाठ वडील बंधूही गेले, आणि जे वय हट्ट करण्याचे, त्या वयात वामन जगात एकटा उरला.

त्या काळी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलाचे मुख्य महादेव मोरेश्वर कुंटे हे होते. 'राजा शिवाजी' या काव्याचे कर्ते म्हणून त्यांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात आहे. तथापि या अनाथ मुलाच्या बुद्धीची पारख करून ते त्याच्या पाठीशी उभे राहिले, हे त्यांचे पुण्य आम्हांस त्या काव्याहून लहान वाटत नाही. १८७३ साली वामन मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि संस्कृत विषयातील प्रावीण्याबद्दल मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली.

तेथून तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्या ठिकाणी संस्कृतचे अध्यापन करणारे प्रोफेसर कीलहॉर्न हे जर्मन पंडित होते. पतंजलीच्या महाभाष्याची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. निरनिराळी हस्तलिखिते समोर ठेवावी, त्यांतील पाठ ताडून पाहावे, आणि अमुक पाठ का स्वीकारला हे वाचकास दाखवावे, अशी या पंडितवर्गाची शिस्त होती. गुरुमुखातून ऐकले म्हणून खरे, ही परंपरा एकीकडे व ही नवी शिस्त दुसरीकडे, अशा संधिकालात वामनरावांचे शिक्षण झाले. १८७७ साली ते बी. ए. व १८७९ साली एम. ए. झाले.

एवढी विद्या संपादन केल्यावर सरकारी नोकरीचा सुखाचा मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व त्यांचे सहकारी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, त्या शाळेत वामनराव शिक्षक म्हणून गेले. अशा वेळी कुंटे गुरुजींच्या ऋणाची त्यांना आठवण झाली नसेल असे म्हणवत नाही.

शाळेत शिकवू लागल्यावर वर्षभरातच, १८८१ साली, त्यांचे 'स्टुडंट्स गाइड टू संस्कृत कॉम्पोझिशन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी ग्रंथकाराचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. या पुस्तकाची मांडणी विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. प्रथम कर्ता व क्रियापद, विशेष्य व विशेषण यांचा मेळ कसा असावा याविषयीचे नियम येतात. मग विभक्तींचे उपयोग. मग धातुसाधिते व अव्यये. प्रत्येक नियम थोडक्यात सांगून ग्रंथकार लगेच कालिदास, भवभूति, बाण अशा मान्य कवींच्या ग्रंथांतील वाक्य पुढे ठेवतात. नियम माझा म्हणून माना, असे ते म्हणत नाहीत. मोठमोठ्या लेखकांनी असे लिहिले आहे, त्यावरून हा नियम निघतो, असे ते दाखवून देतात. त्यानंतर अभ्यासासाठी वाक्ये दिलेली असतात आणि विद्यार्थ्याने स्वतः रचावयाचीही असतात. वाक्याचे पृथक्करण करून त्याचे अवयव वेगळे करणे व ते पुन्हा जोडणे, यासही पुस्तकात स्थान आहे. नियम, त्यास आधार व त्यावरून स्वतःची रचना, हा क्रम एकदा अंगवळणी पडला की विद्यार्थी घोकंपट्टीच्या दास्यातून सुटतो.

आता १८८२ सालाकडे वळू. हे वर्ष शाळेस फार कठीण गेले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले. त्याच सुमारास आमच्या कोल्हापूर संस्थानाच्या संबंधाने एक मोठा खटला उभा राहिला. याच मंडळींनी १८८१ साली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू केली होती, आणि त्या आरंभीच्या मंडळींत वामनरावही होते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप या पत्रांनी केला. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रव्यवहाराच्या भरवशावर आरोप केला होता, ती पत्रे न्यायालयात बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी क्षमा मागितली. तरीही त्यांना प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

या दोघांच्या हेतूविषयी कोणासही शंका नव्हती. महाराजांविषयीच्या कळवळ्याने त्यांनी लिहिले, आणि सुटकेच्या वेळी लोकांनी त्यांचा गौरवच केला. परंतु हेतू शुद्ध आहे एवढ्याने आधार शुद्ध होत नाही, हे या प्रसंगावरून दिसते. आधार असावा, आणि तो नीट तपासलेला असावा. या दोन गोष्टींतील अंतर किती महाग पडते, हे शाळेच्या सर्व मंडळींनी डोळ्यांनी पाहिले. त्या कसोटीच्या काळात शाळेचा भार ज्यांनी वाहिला त्यांत वामनराव प्रमुख होते.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. त्याचे पहिले प्रिन्सिपॉल म्हणून वामनरावांची योजना झाली. कोल्हापुरात निराधार झालेला तो मुलगा तिशीही न गाठता एका महाविद्यालयाचा मुख्य झाला. परंतु त्यांचे चिरंतन स्मारक कोशाच्या रूपाने आहे. १८८४ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-संस्कृत कोश दिला आणि १८९० साली त्यांचा विख्यात संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर पडला.

हा कोश ज्यांनी उघडून पाहिला असेल त्यांना आमचे म्हणणे तत्काळ पटेल. एका शब्दाचे अनेक अर्थ असतात. ते क्रमांक घालून वेगवेगळे मांडलेले आहेत. ठिकठिकाणी अर्थापुढे तो कोणत्या ग्रंथात आला आहे त्याचे संक्षिप्त नाव, सर्ग वा अंक आणि श्लोक यांचे आकडे दिलेले आहेत. पुष्कळदा मूळ वचनही उतरून घेतलेले आहे. शेवटी वृत्ते, ग्रंथकारांचे काल व प्राचीन भूगोल यांवर परिशिष्टे आहेत. असा आकडा छापणे म्हणजे वाचकाच्या हाती तपासणीची किल्ली देणे होय. अर्थ चुकला असेल तर ती चूक पकडण्याचे साधन कोशकाराने आपण होऊन दिले आहे. ज्यास आपल्या कामाची खात्री असते व सत्याची चाड असते, तोच असे करू धजतो.

आणखी एक गोष्ट. तारानाथ तर्कवाचस्पतींचा 'वाचस्पत्य' हा ग्रंथ, मोनिअर विल्यम्स यांचा कोश व रोथ आणि बोटलिंक या पंडितांचा जर्मन कोश, अशा पूर्वसूरींचे साहाय्य आपणांस झाले हे वामनरावांनी प्रस्तावनेत मोकळेपणी नमूद केले. दुसऱ्याचे घेऊन ते दुसऱ्याचे म्हणून सांगणे हाही आधार दाखविण्याचाच एक प्रकार होय. न सांगता घेतले की त्यास नक्कल हे नाव पडते.

९ ऑगस्ट १८९२ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, वामनरावांनी इहलोक सोडला. त्यांच्यामागून गोपाळ गणेश आगरकर प्रिन्सिपॉल झाले. कोश मात्र कर्त्याबरोबर मावळला नाही. १९५७ ते १९५९ या काळात प. कृ. गोडे व चिं. ग. कर्वे यांच्या संपादकत्वाखाली त्याची वाढविलेली आवृत्ती तीन भागांत पुण्यास निघाली. मूळ कर्त्याने वाटेवर खुणा ठेवल्या होत्या, म्हणूनच पासष्ट-सत्तर वर्षांनी दुसऱ्यांस त्याच वाटेने पुढे जाता आले.

विद्यार्थिमित्रहो, आता हाच कोशकाराचा क्रम उत्तरपत्रिकेत कसा आणावा ते पाहू. वरील चरित्र हाच उतारा आहे असे समजा, आणि प्रश्न असा घ्या : महादेव मोरेश्वर कुंटे हे शिक्षक या नात्याने कसे होते? एक विद्यार्थी लिहितो की कुंटे हे सूर्यासारखे तेजस्वी व सागरासारखे गंभीर होते. वाक्य सुरेख आहे. पण उताऱ्यात सूर्यही नाही व सागरही नाही. दुसरा कुंट्यांविषयीचा सगळा परिच्छेद उतरवून काढतो. त्यात उत्तर कोठेतरी आहे, परंतु ते शोधण्याचे काम त्याने परीक्षकावर टाकले आहे.

तिसरा विद्यार्थी असे लिहितो : कुंटे हे गुण ओळखणारे व दयाळू शिक्षक होते. वामनाचे आई, वडील व वडील बंधू तिघेही वारले असता कुंट्यांनी त्याच्या बुद्धीची पारख केली व त्यास साहाय्य केले, असे उताऱ्यात सांगितले आहे. ज्याच्यामागे कोणी नाही अशा मुलाकडून परतफेडीची आशा धरता येत नाही, म्हणून त्यांच्या या कृतीत गुणांची पारख व दया ही दोन्ही दिसतात.

या उत्तरात अवघी तीन वाक्ये आहेत. पहिल्यात प्रश्नाचे सरळ उत्तर आहे, दुसऱ्यात उताऱ्यातील आधार आहे, आणि तिसऱ्यात त्या आधारावरून ते उत्तर कसे निघते हे सांगितले आहे. पुष्कळ विद्यार्थी पहिली दोन वाक्ये लिहून थांबतात व तिसरे विसरतात. वस्तुतः विचार करण्याचे काम त्या तिसऱ्यातच असते. शिवाय आधार जेवढा असेल तेवढेच बोलावे. कुंटे श्रीमंत होते, असे कोणी लिहिले तर ते मान्य होणार नाही. कारण तसा एकही शब्द उताऱ्यात नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यापुढे मनातल्या मनात 'कशावरून?' असे विचारावे. ज्या वाक्यास उत्तर सापडत नाही ते खोडावे. खोडलेले वाक्य हे लाजेचे कारण नव्हे.

पालकवर्गासही आमची एक विनंती आहे. ही विद्या केवळ गुणांसाठी आहे असे कृपा करून समजू नये. आपल्या वडगावच्या बाजारात माल तराजूवर चढल्यावाचून कोणी पैसे मोजीत नाही; विकणाऱ्याच्या शब्दावर वजन धरण्याची रीत नाही. बातम्या, अफवा व मोबाईलवरून येणारे निरोप यांना मात्र घरोघर बिनतराजूचा प्रवेश मिळतो. उद्या याच मुलांना सातबाराचा उतारा वाचावा लागेल, खरेदीखत वाचून त्यावर सही करावी लागेल, कोणाच्या तरी चारित्र्याविषयी ऐकलेली गोष्ट पुढे सांगावी की गिळावी हे ठरवावे लागेल. तेव्हा तपासून बोलण्याची सवय जडलेली नसेल, तर नुकसान त्यांचे होईल किंवा त्यांच्या हातून एखाद्या निरपराधाचे होईल.

या कामी पालक स्वतः शिकलेले असले पाहिजेत असेही नाही. रात्री जेवणे झाल्यावर मुलास त्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचावयास सांगावा, त्यावर एक साधा प्रश्न करावा, आणि त्याने उत्तर दिले की शांतपणे 'कशावरून?' एवढेच विचारावे. मूल पुन्हा पुस्तकाकडे वळेल, ओळीवर बोट ठेवील व ती वाचून दाखवील. अक्षरओळख नसलेली आजीदेखील हा प्रश्न विचारू शकते, आणि कित्येक घरांतून तो तिच्याइतका चांगला दुसऱ्या कोणास विचारता येणार नाही.