डावे-उजवे स्फटिक निवडणारा लुई पाश्चर

लुई पाश्चर म्हटले की पाश्चराइज्ड दूध आणि पिसाळलेल्या कुत्र्याची लस आठवते. त्याचा पहिला मोठा शोध मात्र द्राक्षांच्या आंबटपणातून निघाला.

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधील दोल गावचा. वडील कातडी कमावत. लुई पॅरिसला रसायनशास्त्र शिकला.

वाइन मुरताना पिंपाला आतून खडे धरतात. त्यांना जर्मनमध्ये वाइनश्टाइन म्हणतात. बॉबलिंगेनच्या दुकानात बेकिंग पावडरच्या पाकिटावर हे नाव शोधा! त्या खड्यांतून टार्टारिक आम्ल मिळते. आपल्या चिंचेतही तेच असते. त्याचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची दिशा उजवीकडे फिरवते. कारखान्यात कधीकधी तसेच दुसरे आम्ल निघे, ते मात्र प्रकाश फिरवतच नसे. बर्लिनचे नामवंत मित्शरलिख यांनी १८४४ मध्ये जाहीर केले होते, की एवढे सोडल्यास दोन्हींचे क्षार अगदी सारखे आहेत.

पंचवीस वर्षांच्या पाश्चरला ते पटेना. १८४८ मध्ये त्याने दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक नीट निरखले. काहींचा एक बारीक पैलू उजवीकडे, काहींचा डावीकडे! जणू आपले दोन हात: आरशात जुळतात, पण उजवा हातमोजा डाव्या हातात बसत नाही. त्याने एकेक स्फटिक निवडून दोन ढीग केले. एकाचे द्रावण प्रकाश उजवीकडे फिरवी, दुसऱ्याचे डावीकडे. एकत्र असताना ते एकमेकांचा परिणाम पुसून टाकत होते.

या विषयात हयात घालवलेल्या ७४ वर्षांच्या बियो यांचा विश्वास बसेना. त्यांनी आपल्याजवळचे आम्ल दिले, समोर द्रावण करवून घेतले आणि स्वतःकडेच ठेवले. फसला असता तर पोराचे नाव तिथेच बुडाले असते. पण डाव्या ढिगाने प्रकाश डावीकडे फिरवला आणि म्हातारबुवा गहिवरले. पॅरिसच्या थंड हवेचाही यात वाटा होता बरे! साधारण २७ अंशांच्या वर हे स्फटिक वेगवेगळे होतच नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात प्रयोग फसलाच असता.

१८४९ मध्ये तो आपल्याजवळच्या स्ट्रासबुर्गला प्राध्यापक झाला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारला.

डाव्या-उजव्याचा फरक आपल्या नाकालाही कळतो. कार्व्होन नावाच्या रेणूचे एक रूप पुदिन्याच्या वासाचे, दुसरे इथल्या पावातल्या क्युमेलच्या! म्हणून हवे तेच रूप बनवण्याची रसायनशास्त्रज्ञांची धडपड असते. सोडियम क्लोरेट पाण्यात विरघळले की डावे-उजवे काही उरत नाही. स्फटिक होताना मात्र प्रत्येक स्फटिक आपोआप एक बाजू घेतो. टोकियोचे केन्सो सोआई आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की असे स्फटिक एका खास रासायनिक क्रियेत घातले की नवा सेंद्रिय पदार्थही त्यांच्यावरून ठरलेल्या एकाच बाजूचा जवळजवळ सगळा तयार होतो.