डॉ. बी. व्ही. राव : कोंबडीचा ‘सोर्स कोड’ भारतात आणणारा माणूस

मोबाईलवर ‘आजचा अंड्याचा दर’ टाकून बघा. पुणे, मुंबई, हैदराबाद असा शहरवार दर लगेच दिसतो, तोही १०० अंड्यांचा. हा दर जाहीर करणाऱ्या एनईसीसीमागे आणि आपल्या ऑम्लेटमधल्या अंड्यामागे एकाच माणसाचं नाव येतं, ते म्हणजे डॉ. बंडा वासुदेव राव. घरी पाच-दहा कोंबड्या पाळायच्या असतील तर त्यांचं काम समजून घेणं फायद्याचं आहे.

हैदराबाद ते पुणे

राव यांचा जन्म १९३५ चा. हैदराबादकडे त्यांनी लहान प्रमाणावर पोल्ट्री सुरू केली आणि १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली. पुढे या ग्रुपचं मुख्यालय पुण्यात सिंहगड रोडला आलं. ‘वेंकीज’ हे नाव तुम्ही ऐकलंच असेल, ते याच घरातलं.

तेव्हा अडचण कोंबड्या सांभाळण्याची नव्हती, बियाण्याची होती. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी द्यायची. जास्त अंडी देणाऱ्या जातींचं मूळ परदेशी कंपन्यांच्या हातात होतं. तिकडून पिल्लं आणायची, ती म्हातारी झाली की पुन्हा आणायची. वर्षानुवर्षं हेच चालायचं.

असं का?

बाजारात मिळणारं लेअरचं पिल्लू सहसा चार वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून येतं. सगळ्यात वर शुद्ध वंश, म्हणजे प्युअर लाइन. त्यांच्यापासून आजी-आजोबा, मग आई-बाप आणि शेवटी आपल्याकडे येणारं पिल्लू. आपल्या भाषेत सांगायचं तर प्युअर लाइन हा सोर्स कोड आणि पिल्लू म्हणजे तयार अ‍ॅप. अ‍ॅप वापरता येतं, पण त्यातून पुढची व्हर्जन बनवता येत नाही. या संकरित कोंबड्यांची आपापसात पैदास केली तर पुढची पिढी एकसारखी निघत नाही आणि अंडीही कमी होतात.

राव यांनी आधी बॅबकॉक आणि कॉब या अमेरिकन कंपन्यांशी करार केले. पण ते तयार पिल्लांवर थांबले नाहीत. प्युअर लाइनच भारतात ठेवायची आणि निवड इथल्या उन्हात, इथल्या खाद्यावर करायची, हे त्यांनी ठरवलं. त्यातूनच बीव्ही-३०० ही अंड्यांची आणि व्हेनकॉब ही मांसाची कोंबडी देशभर पोचली. आज चांगली लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते.

अंडी वाढली, पण भाव?

अंडी वाढली तरी भाव व्यापारी ठरवायचे. कधीकधी तर खाद्याचा खर्चही निघायचा नाही आणि लहान पोल्ट्रीवाले धंदा बंद करायचे. राव गावोगावी सभा घेत फिरले, शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९८२ मध्ये एनईसीसी सुरू झाली. तेव्हापासून अंड्याचा दर उत्पादकांची संघटना जाहीर करू लागली. ‘संडे हो या मंडे’ ही जाहिरातही एनईसीसीचीच. १९९० मध्ये राव यांना पद्मश्री मिळाली. १९९६ मध्ये ते गेले. पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांच्या नावाची पोल्ट्री शिक्षणाची संस्था आहे.

घरच्या कळपाला यातलं काय लागू पडतं?

ब्रीडिंग फार्मवर जोडी निवडतात ती नोंदीवरून. प्रत्येक कोंबडीला नंबर असतो आणि तिची अंडी वेगळी मोजतात. कोंबडा तर अंडी देत नाही, मग त्याला निवडायचं कसं? त्याच्या आईच्या आणि बहिणींच्या अंड्यांवरून! घरी नेमकं इथेच चुकतं. तुरा लाल, पिसं झकपक, अंगाने दांडगा, की ठेवला कोंबडा.

घरी एवढं करा :

- पायात रंगीत रिंग घाला आणि कुठल्या कोंबडीने कधी अंडं दिलं ते फोनमधल्या शीटमध्ये लिहा. दोन-तीन महिन्यांत फरक दिसायला लागेल.
- सगळ्यात जास्त अंडी देणाऱ्या, निरोगी कोंबडीचा मुलगा पैदाशीला ठेवा. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो.
- तोच कोंबडा स्वतःच्या मुलींवर ठेवू नका. दर वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या गावचा आणा, नाहीतर पिल्लं अशक्त निघतात.
- पैदास गावठी किंवा कडकनाथसारख्या जातीतच करा. संकरित लेअर फक्त अंड्यांसाठी ठेवा आणि नवीन पिल्लं हॅचरीतूनच आणा.
- पिल्लं घरीच काढायची असतील तर कळपात खुडूक बसणारी एक-दोन गावठी कोंबडी हवीच. लेअर सहसा अंड्यांवर बसत नाही. खुडूक कोंबडी नसेल तर साडेसदतीस डिग्रीचं इनक्युबेटर आणि २१ दिवसांचा धीर लागेल.

राव यांना जे करायला मोठा फार्म आणि रजिस्टरांचे गठ्ठे लागले, त्याची लहान आवृत्ती तुमच्या फोनमध्ये बसते. सुरुवात आजच्या अंड्याच्या नोंदीपासून करा, कोंबडा नंतर निवडा.