बाबासाहेबांचे घर आणि आपला वाटा

भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 साली पुरे झाले. प्रवरेचे अडवलेले पाणी कालव्यांनी खाली नगर जिल्ह्यात फिरले, ऊस आला, साखर कारखाने आले, बागायतदारांचे वाडे उठले. महारवाडा मात्र होता तिथेच राहिला, गावाबाहेर. दुसऱ्याच वर्षी तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना महाडचा सत्याग्रह करावा लागला. ज्याला पाण्यात वाटा नाही त्याला घराच्या मालकीत वाटा कोण देणार होते?

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण ग्रंथांतून आणि सत्याग्रहांतून सांगतो. बांधवांनो, एकदा ते घरांतून वाचून पाहा. 1891 साली महूच्या लष्करी छावणीत जन्म. म्हणजे पहिलेच छप्पर सरकारी. पुढे दापोली, सातारा, मग परळची डबक चाळ. एकच खोली, तीतच चूल, जाते आणि बकरी. निजायला जागा नाही म्हणून भीमराव लवकर झोपायचे. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागून मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि मगच त्याच्या जागेवर अंग टाकायचे. नंतर पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्या. अमेरिका-लंडनच्या पदव्या घेतलेला हा बॅरिस्टर 1934 पर्यंत तिथेच राहत होता.

1917 साली बडोद्यात नोकरीला गेल्यावर त्यांना नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. विद्वान हाकलला गेला आणि कामाठी बागेत बसून रडला. आता हे पाहा: 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासद फक्त पारशीच असावेत हा पोटनियम वैध ठरवला. दोष एका समाजाचा नाही. गावदेवीला 1915 साली सारस्वतांनीही आपली सोसायटी काढली. ती देशातल्या अगदी पहिल्या गृहसंस्थांत मोजली जाते. एकट्याला न पेलणारे घर शंभर जणांनी भाग घेऊन पेलता येते, हे शहाण्यांना आधीच कळले होते.

आपल्यालाही सामाईक मालकी ठाऊक होती, पण ती वतनाची. जमीन साऱ्या महारकीची. पिढ्या वाढल्या तसा वाटा आण्या-पैवर आला. त्या तुकड्यासाठी अख्ख्या वस्तीने गावाची वेठ करायची, वर जुडी भरायची! बाबासाहेबांनी 1928 साली कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे बिल आणले, ते मागे घ्यावे लागले. डिसेंबर 1939 मध्ये याच प्रवरा कालव्यांच्या टापूत, हरेगावला, त्यांनी वतनदारांची परिषद घेऊन जुडीवाढीविरुद्ध रणशिंग फुंकले. वतने कायद्याने गेली ती 1959 साली. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

सहकारातला वाटा वेगळा. सभासद भाग घेतो, जमीन संस्थेची, कर्ज संस्थेच्या नावावर, हप्ता ज्याचा त्याचा. बँक ज्याला एकट्याला दारात उभे करत नाही, अशा शिपायालाही त्यातून पहिले घर मिळते. तेव्हाच्या मुंबई सरकारने 1949 साली मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांसाठी योजना काढली, पी.डब्ल्यू.आर. 219 या नावाने जुने कार्यकर्ते ती ओळखतात. सरकारी जमीन आणि मदत मिळाली, वसाहती उभ्या राहिल्या. पण सही आपल्या माणसाची आणि पैसा बिल्डरचा, असे झाले तर त्या संस्थेत मागासवर्गीय फक्त कागदावर उरतो. भागपत्र आपल्या नि पत्नीच्या नावे आहे का, सर्वसाधारण सभेला आपण जातो का, हे ज्याने त्याने घरी जाऊन तपासावे. नुसता बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावून भिंत आपली होत नाही.

बाबासाहेबांनी स्वतःचे घर बांधले ते चाळिशीत, दादरच्या हिंदू कॉलनीत, कर्ज काढून. त्याला मगधाच्या राजधानीचे नाव दिले, राजगृह. ते मुलांच्या हौसेसाठी कमी आणि पुस्तकांसाठी जास्त होते. मातोश्री रमाई तिथे जेमतेम वर्षभर राहिल्या. 27 मे 1935 रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. भाड्यासाठी बांधलेली दुसरी इमारत, चार मिनार, पुढे कर्जापायी विकावी लागली. मंत्रिपद सोडल्यावर दिल्लीत 26, अलीपूर रोडला ते राहिले. 6 डिसेंबर 1956 रोजी महापरिनिर्वाण झाले ते याच घरात, आणि हे घर त्यांच्या मालकीचे नव्हते.