ब्रॉडवेखालचा एकच डबा

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेच्या पोटात १८७० साली रेल्वेचा एकच डबा धावू लागला. त्याला ना इंजिन होते, ना धूर. हे धाडस आल्फ्रेड एली बीच यांचे. १८२६ मध्ये स्प्रिंगफिल्ड येथे जन्मलेल्या बीच यांनी विशीतच मित्रासोबत ‘सायंटिफिक अमेरिकन’ विकत घेतले. घोडागाड्यांनी तुंबलेल्या शहराला जमिनीखालूनच वाट आहे, हे त्यांनी हेरले. परवाना मात्र टपालाच्या हवानळ्यांचा! त्याच्या आडून त्यांनी माणसांसाठी सुमारे ९५ मीटरचा बोगदा खणला. अजस्र पंख्याची हवा डब्याला पुढे ढकली आणि तीच उलट फिरवून मागे ओढून घेई. स्थानकात कारंजे आणि पियानोही होता. पंचवीस सेंट मोजून लोक हौसेने बसत.

अडचण विस्ताराची होती. राजकारणी ट्वीड यांनी तो अडविल्याची कथा रंगतदार. पण ब्रॉडवेवरील मालमत्ताधारकांचा विरोधही कमी नव्हता. अखेर १८७३ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी आर्थिक अरिष्ट कोसळले. भांडवल आटले, बोगदा बंद झाला.

बीच १८९६ मध्ये निवर्तले. शहराची विजेवरील भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. तिच्या पुढच्या मार्गासाठी १९१२ मध्ये खोदकाम करताना मजुरांना जुना बोगदा आणि त्यात डब्याचे अवशेष सापडले.