जहाजावरचं लोखंडच होकायंत्राला फसवतंय, हे त्याने पकडलं

जहाज तेच, समुद्र तोच. पण जहाजाचं तोंड दुसरीकडे वळवलं की होकायंत्राची उत्तर दिशाच बदलते. असं झालं तर नकाशा काढणाऱ्याने करायचं काय?

मॅथ्यू फ्लिंडर्ससमोर हाच प्रश्न उभा राहिला.

हा गडी इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा, जन्म १७७४ चा. वडील डॉक्टर. पण पोरगा रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट वाचून नौदलात गेला. १८०१ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाज घेऊन तो ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजायला निघाला, तेव्हा त्याच्या लग्नाला तीनच महिने झाले होते.

जहाज उत्तर किंवा दक्षिणेकडे तोंड करून असलं की होकायंत्र नीट चालायचं. पूर्व-पश्चिम वळलं की सुई काही अंश सरकायची. आणि इंग्लंडजवळ ती ज्या बाजूला सरकायची, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याच्या बरोबर उलट.

दुसरा कोणी असता तर यंत्राला शिव्या घालून मोकळा झाला असता. फ्लिंडर्सने नोंदी ठेवल्या आणि त्यातून चोर सापडला. जहाज लाकडाचं असलं तरी त्यावर तोफा होत्या, इतर लोखंड होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे हे लोखंड स्वतःच चुंबक बनत होतं आणि विषुववृत्त ओलांडलं की त्याचे ध्रुव उलटत होते.

पण घरी परतताना नशीब फिरलं. डिसेंबर १८०३ मध्ये गळकी बोट घेऊन तो मॉरिशसला थांबला. बेट फ्रेंचांचं, आणि इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलेलं. त्याच्याकडचा परवाना ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या नावाचा, बोट मात्र दुसरीच! गव्हर्नर दकाँला तो हेर वाटला. साडेसहा वर्षं अडकवून ठेवलं. सगळ्या प्रवासात सोबत असलेलं ‘ट्रिम’ नावाचं मांजरही तिथेच हरवलं.

त्याच कैदेतून त्याने होकायंत्रावरचा निबंध लंडनला पाठवला. १८०५ मध्ये तो रॉयल सोसायटीत वाचला गेला, लेखक मात्र बंदिवासात.

१८१० मध्ये सुटका झाल्यावर त्याने नौदलाच्या जहाजांवर प्रयोग केले. त्याचा उपाय साधा होता. होकायंत्राजवळ, जहाजातल्या लोखंडाच्या विरुद्ध बाजूला, लोखंडाचीच एक उभी कांब बसवायची. दोघांची ओढ एकमेकांना मारते. साधं चुंबक इथे चाललं नसतं, कारण त्याचे ध्रुव बदलत नाहीत. कांबेचे ध्रुव मात्र जहाजातल्या लोखंडाबरोबरच उलटतात, त्यामुळे ती दोन्ही गोलार्धांत कामाला येते.

त्याचं ऑस्ट्रेलियाच्या सफरीवरचं पुस्तक १८ जुलै १८१४ ला बाहेर आलं. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४०.

पुढे लोखंडी जहाजं आली आणि ही कांब अत्यावश्यक झाली. लॉर्ड केल्व्हिनने ती आपल्या होकायंत्रात घेतली. आजही तिला ‘फ्लिंडर्स बार’ म्हणतात.

लंडनमधली त्याची कबर मात्र हरवली होती. २०१९ मध्ये युस्टन स्टेशनजवळ रेल्वेसाठी खोदकाम करताना शवपेटीवरच्या शिशाच्या पाटीमुळे ती ओळखता आली. २०२४ मध्ये त्याला डोनिंग्टनला, त्याच्या जन्मगावी, पुन्हा दफन करण्यात आलं.