भाषण येत होते, युक्तिवाद शिकावा लागला

२५ जुलै १९७४ची रात्र. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यावर महाभियोग चालवावा काय, यावर अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीत चर्चा सुरू होती आणि सारा देश ती दूरचित्रवाणीवर पाहत होता. टेक्सासहून पहिल्यांदाच निवडून आलेल्या ३८ वर्षांच्या बार्बरा जॉर्डन यांची पाळी आली. घटनाकारांनी महाभियोगासाठी सांगितलेला एकेक निकष त्यांनी मांडला आणि त्याच्या शेजारी राष्ट्राध्यक्षांचे वर्तन ठेवले. ना आकांडतांडव, ना शेलकी विशेषणे. पंधरवड्यानंतर निक्सन पायउतार झाले. त्यामागे कारणे अनेक होती. पण त्या रात्रीपासून जॉर्डन यांचा धीरगंभीर आवाज घरोघरी ओळखीचा झाला.

हा आवाज घडला ह्यूस्टनच्या ‘फिफ्थ वॉर्ड’ या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. २१ फेब्रुवारी १९३६ ही त्यांची जन्मतारीख. वडील गोदामात कारकून आणि पुढे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. घरात बोललेला प्रत्येक शब्द स्वच्छ आणि शुद्धच हवा, हा त्यांचा दंडक. आईचे वडील भंगाराचा धंदा करीत. या आजोबांच्या सहवासात बार्बराच्या स्वभावात बेडरपणा आला.

टेक्सासमध्ये शालेय वादविवाद स्पर्धांची परंपरा तेव्हाही जुनी होती. राज्यातील माध्यमिक शाळांसाठी १९१० मध्येच वादविवाद संघटना स्थापन झाली होती. मात्र तिची दारे फक्त गोऱ्या मुलांच्या शाळांना उघडी होती. कृष्णवर्णीय शाळांनी १९२० मध्ये स्वतंत्र संघटना उभारली. त्यांच्या स्पर्धा वेगळ्या, मैदाने वेगळी, परीक्षकही वेगळे. या दोन संघटना एकत्र यायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

बार्बरा ‘फिलिस व्हीटली हायस्कूल’ची विद्यार्थिनी. शिकागोच्या कृष्णवर्णीय वकील एडिथ सॅम्पसन एकदा या शाळेत बोलायला आल्या आणि मुलीने वकील होण्याचे ठरवून टाकले. १९५२ मध्ये शिकागोला झालेल्या राष्ट्रीय वक्तृत्व स्पर्धेत तिने पहिला क्रमांक मिळवला. विषय होता उच्च शिक्षणाची गरज. घोटून घोटून पाठ केलेले भाषण आणि दमदार आवाज यांवर बक्षीस मिळते, हे आपल्याकडच्या आंतरशालेय स्पर्धांत उतरलेल्या कुणालाही ठाऊक असेल.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी ती टेक्सास सदर्न विद्यापीठात गेली. कृष्णवर्णीयांना राज्याच्या मुख्य विद्यापीठापासून दूर ठेवण्यासाठीच सरकारने १९४७ मध्ये ही संस्था काढली होती. तेथे थॉमस फ्रीमन हे प्राध्यापक वादविवादाचा संघ चालवीत. त्यांनी या मुलीला घडवले. मोटारीने गावोगावच्या स्पर्धांना जायचे, पण दक्षिणेतल्या वाटेवरच्या बहुतेक उपाहारगृहांत या संघाला प्रवेश नसायचा. १९५६ मध्ये हार्वर्डचा संघ ह्यूस्टनला आला आणि सामना बरोबरीत सुटला. हार्वर्डवाले एवढे श्रेष्ठ, तर बरोबरी म्हणजे आमचाच विजय, असे जॉर्डन पुढे गमतीने सांगत.

त्याच वर्षी त्या कायदा शिकण्यासाठी बोस्टन विद्यापीठात दाखल झाल्या आणि तेथे पहिला जबर धक्का बसला. आजवर आवाजाच्या बळावर सारे निभावले होते. इथे व्याख्या करावी लागे, प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागे. पल्लेदार वाक्ये कुणालाच नको होती. वेगळ्या शाळांतून मिळालेले शिक्षण बरोबरीचे नव्हते, हे त्यांना कळून चुकले. हा दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता, व्यवस्थेचा होता. पण भरपाई त्यांनाच करायची होती. त्या रात्र रात्र जागून वाचत. इतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबरोबर बसून प्रकरणांचा कीस पाडत. १९५९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९७४ च्या भाषणामागे शिकागोच्या पदकापेक्षा बोस्टनच्या या जागरणांचाच वाटा मोठा, असे म्हणावेसे वाटते.

पुढची वाटही सरळ नव्हती. १९६२ आणि १९६४ अशा दोन निवडणुकांत पराभव झाला. १९६६ मध्ये त्या टेक्सासच्या सिनेटवर निवडून आल्या. १८८३ नंतर तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. १९७२ मध्ये प्रतिनिधीगृहाची निवडणूक त्यांनी जिंकली. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी बीजभाषण केले.

ऐन बहरात, १९७९ मध्ये, त्यांनी संसद सोडली. मल्टिपल स्क्लेरॉसिसने शरीर पोखरले होते. त्याची वाच्यता त्यांनी केली नाही. पुढे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात, म्हणजे एकेकाळी त्यांच्यासारख्यांना दार बंद असलेल्या त्याच मुख्य विद्यापीठात, त्या सार्वजनिक धोरण आणि नीती शिकवू लागल्या. १९९२ च्या पक्ष अधिवेशनात त्या चाकांच्या खुर्चीतून आल्या आणि पुन्हा बोलल्या.

१७ जानेवारी १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. ऑस्टिनमधील टेक्सास राज्य दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. तेथे चिरविश्रांती घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. त्यांचे गुरू फ्रीमन यांनी त्यानंतरही अनेक वर्षे ह्यूस्टनमध्ये मुलांना वाद घालायला शिकवले. २०२० मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी ते निवर्तले.